अध्याहृत खर्ज

‘बेस’ हा शब्द आमच्या भागात दोन वाटांनी आला. जुनी माणसे एखादे काम मनाजोगे झाले की ‘बेस झालं’ म्हणतात. हा ‘बेस’ म्हणजे चांगले, ठीक. दुसरा ‘बेस’ अलीकडचा. तो लग्नाच्या वरातीबरोबर, धुमालाच्या गाडीवरून आणि डीजेच्या एकावर एक रचलेल्या खोक्यांतून पारशिवनी-रामटेकच्या रस्त्यांवर उतरला आणि तिथून भजनी मंडळाच्या मिक्सरपर्यंत पोचला. मिक्सरवरचे ‘बेस’चे बटण किती फिरवावे, यावर मृदंगवाला आणि पेटीवाला यांचे एकमत झाल्याचे आम्ही अद्याप पाहिलेले नाही. पदवीच्या वर्गात एकदा सहज विचारले, ‘‘बेस वाजवतो कोण?’’ उत्तर एकमुखाने आले : ‘‘स्पीकर.’’

हे उत्तर ऐकून हसू येते. पण ते अगदीच निराधार नाही. गाण्याच्या तळाशी कोणीतरी माणूस चार जाड तारांवर बोटे चालवीत असतो, ही गोष्ट श्रोत्याला कधी सांगितलीच गेलेली नाही. आकाशवाणीच्या विविध भारतीने १९५७ पासून चित्रपटाचे, गायकाचे, गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव सांगण्याची सवय आपल्याला लावली. ही चार नावे आली की गाणे ‘ओळखले’ असे आपण मानतो. आम्ही मराठीचे अध्यापक. संगीतशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु कर्ता कोण, संहितेवर कोणाकोणाचे हात फिरले, इतिहास कोणाची नावे ठेवतो आणि कोणाची गाळतो, हे प्रश्न आमच्या रोजच्या शिकवण्यातले आहेत. बेस गिटार या वाद्याचा इतिहास पाहू लागलो तेव्हा हेच प्रश्न तिथे अधिक उघडेवाघडे उभे असलेले दिसले.

आधी वाद्याविषयी. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ नावाची विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकात असा प्रयत्न करून पाहिला होता, पण तो रुजला नाही. तोवर खालच्या स्वरांचे काम डबल बेस करीत असे : माणसाहून उंच, उभे धरून वाजवायचे, प्रवासात नेणे जिकिरीचे, आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गदारोळात ऐकू येईलच याची खात्री नाही. फेंडर यांनी ते आडवे केले, पट्ट्याने गळ्यात अडकवले आणि त्याच्या मानेवर सतारीसारखे पडदे बसवले. बोट पडद्यामागे टेकले की स्वर अचूक लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० मानतात. म्हणजे हे वाद्य श्रवणाच्या तळघरातच राहते म्हणायचे.

गंमत अशी की आपल्यापैकी बहुतेकांनी ही ४१ कंपने ऐकलेलीच नाहीत. तळहाताएवढ्या कर्ण्याच्या ट्रान्झिस्टरमधून इतका खालचा स्वर बाहेर पडूच शकत नाही. ग्रामोफोनच्या तबकडीलाही त्याचे भय असे. खोल स्वर जोराने कोरला तर खाचेचे वळण मोठे होते आणि सुई उडी मारते. मग शेताच्या बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून गाणी ऐकणाऱ्याला बेस ऐकू येत होता तो कसा? कोणत्याही तारेच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघत असतात. लहान कर्ण्यातून हे उपस्वर येतात, मूळ स्वर येत नाही. पण उपस्वरांमधले अंतर हेरून आपला मेंदू तो गैरहजर मूळ स्वर कल्पून घेतो आणि आपल्याला तो ‘ऐकू’ येतो. व्याकरणात आपण ज्याला अध्याहार म्हणतो तोच हा व्यापार. वाक्यात नसलेले पद अर्थासाठी मनाने पुरवायचे. दोन-तीन पिढ्यांनी हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा तळ असा अध्याहृत ऐकला, ही गोष्ट आम्हाला श्रवणाच्या इतिहासात फार महत्त्वाची वाटते.

बेस म्हणजे आपला खर्जच ना, असे कोणी विचारील. थोडा आहे, थोडा नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार अढळ असते. गवई कुठेही फिरून आला तरी ती त्याच जागी त्याची वाट पाहत असते. बेस चालतो. आणि तो चालतो म्हणून वरच्या स्वराचा अर्थ बदलतो. गायिका एकच गंधार धरून उभी आहे आणि खाली बेस षड्जावरून धैवतावर सरकला, तर गंधार तोच राहूनही त्याचे नाते पालटते. मघाशी स्वच्छ वाटणारा स्वर आता हुरहूर लावतो. हा प्रकार विद्यार्थ्यांना समजावताना आम्ही विभक्तीचा आधार घेतो. ‘राम’ हे नाम तेच, पण ‘रामाने’, ‘रामाला’, ‘रामाचा’ म्हणताच वाक्यातली त्याची जागा बदलते. प्रत्यय लहान असतो, त्यावर कोणी आघात देत नाही, पण कर्ता कोण आणि कर्म कोण हे तोच ठरवतो. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी हे फार लवकर ओळखले. १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ गट सोडून गेल्यावर बेस त्यांच्या गळ्यात पडला (शब्दशः), आणि १९६६ च्या ‘पेपरबॅक रायटर’मध्ये तर बेस उठून ऐकू यावा म्हणून ध्वनिमुद्रकाने स्पीकरचाच मायक्रोफोन म्हणून उपयोग केला. मॅकार्टनी यांना प्रसिद्धीची वाण नव्हती. ते गातही होते, गाणी रचतही होते. म्हणून त्यांच्यापाशी फार रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळावे ते जेम्स जेमर्सन यांच्यापाशी. जन्म १९३६, दक्षिण कॅरोलायनातील एडिस्टो बेटावर, पुढे डेट्रॉइट. तिथल्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत १९६०च्या दशकात जी गाणी निघाली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत गोऱ्या घरांच्या दिवाणखान्यांत नेले. सुप्रीम्स, स्टीव्ही वंडर, मार्व्हिन गे ही नावे जगाला ठाऊक झाली. त्या गाण्यांपैकी कितीतरींचा बेस जेमर्सन यांचा. ते उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरीत. आपल्या १९६२ च्या प्रिसिजन बेसच्या तारा ते बदलतच नसत. तारा जुन्या झाल्या, मळल्या की नाद घुमारदार होतो असे त्यांचे मत. नुसता ठेका धरून न राहता ते गायकाच्या ओळीच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरतात, सम येण्याआधी किंचित अडखळल्यासारखे करतात आणि मग नेमके पोचतात. लावणीतल्या ढोलकीवाल्याचा डाव ज्यांनी लक्ष देऊन ऐकला आहे त्यांना ही खोडी परकी वाटणार नाही.

मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. वादकांना मजुरी मिळे. विक्रीतला वाटा नव्हता. १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर जेमर्सन यांचे नाव पहिल्यांदा गौरवाच्या विशेषणासह छापून आले. त्यानंतर लवकरच, १९७२ मध्ये, कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला. जेमर्सन मागोमाग गेले, पण तिथे त्यांचा जम बसला नाही. दारूने उरलेसुरले नेले. १९८३ च्या मार्च महिन्यात मोटाउनच्या पंचविशीचा भव्य सोहळा कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे चित्रित झाला. मायकेल जॅक्सन यांनी आपली प्रसिद्ध मूनवॉकची चाल लोकांना पहिल्यांदा दाखवली ती याच रात्री. जेमर्सन त्या सभागृहात होते. निमंत्रित म्हणून नव्हे. तिकीट मिळवून ते मागच्या रांगांत बसले होते. मंचावर जी गाणी साजरी होत होती त्यांचा तळ या माणसाने घातला होता. त्याच वर्षी २ ऑगस्टला ते वारले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना २००० साली स्थान मिळाले, ‘साथीदार’ या त्या वर्षी नव्यानेच उघडलेल्या वर्गात.

नाव न छापल्याचा एक परिणाम भावनिक असतो. दुसरा इतिहासलेखनाचा असतो आणि तो अधिक चिवट. कॅरॉल के (१९३५–२०२५) या लॉस एंजेलिसच्या वादिका मुळात गिटारच्या. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही म्हणून त्यांनी बेस हाती घेतला आणि पुढे बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’सह (१९६६) हजारो ध्वनिमुद्रणांत तो वाजवला. खोलीभर पुरुष वादकांत त्या बहुधा एकट्या असत. त्यांनी बेसवादनाची पाठ्यपुस्तके लिहिली, शिष्य घडवले. मोटाउनच्याही काही प्रसिद्ध गाण्यांतला बेस आपला असल्याचे त्या सांगत. जेमर्सन यांच्या अभ्यासकांनी ते अमान्य केले. दोन थोर वादक, दोघेही स्टुडिओच्या कामगारवर्गातले, आणि वाद कशाचा, तर कागदावर नाव नसल्याचा. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला हे चित्र ओळखीचे आहे. नाममुद्रा नसलेली रचना दोन कवींच्या गाथांत सापडावी आणि संपादकांनी शैलीच्या पुराव्यावर भांडत राहावे, तसेच हे. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमने कॅरॉल के यांची निवड जाहीर केली तेव्हा त्यांनी तो मान घेण्यास नकार दिला, आणि त्याच वर्षी जुलैत त्या गेल्या.

रेगेचा सारा डोलारा बेसवर उभा असतो. बॉब मार्ली यांच्या वेलर्समधील अ‍ॅस्टन बॅरेट (१९४६–२०२४) यांनी आपल्या वाट्याच्या स्वामित्वधनासाठी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. २००६ मध्ये तो फेटाळला गेला. गाणे कोणाचे, या प्रश्नाला कायद्याचे उत्तर शब्द आणि चाल यांच्यापाशी थांबते. ज्या बेसच्या चार सुरांवरून श्रोता गाणे ओळखतो, ते सूर बऱ्याचदा कायद्याच्या लेखी मजुरीच असतात.

जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) यांची गोष्ट वेगळी. नाव न मिळण्याचे दुःख त्यांना नव्हते. नाव त्यांनी ओरबाडून घेतले. त्यांनी आपल्या बेसवरचे पडदे उपसून काढले, खाचा बुजवल्या आणि वरून होडीला लावतात तसला राळेचा लेप दिला. पडदे गेले म्हणजे काय झाले, हे आपल्या कानाला चटकन कळते : मींड आली. स्वरावरून स्वरावर उडी न मारता ओघळत जाण्याची सोय झाली. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीच्या आरंभीच एक जुनी जॅझ रचना आहे, सोबतीला फक्त हाताने वाजवायचे ढोल. साथीचे वाद्य मध्यभागी आले आणि कोणाची उणीव भासली नाही. पुढचे आयुष्य मनोविकाराने पोखरले; फ्लोरिडात एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीनंतर वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते वारले.

आता मुंबई. पण तिथे जाण्यापूर्वी मराठी वाङ्मयेतिहासातील एका जोडनावाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पोवाडा किंवा लावणी रचणारा शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. मागे झील धरणाऱ्यांची, तुणतुण्यावर उभ्या असलेल्याची नावे सहसा राहत नाहीत. तरीही पेशवाईच्या अखेरीस ‘होनाजी बाळा’ हे नाव रूढ झाले. होनाजी शिलारखाने रचणारा आणि बाळा कारंजकर गाणारा. दोन माणसे एका नावात अशी मिसळली की आज विद्यार्थी बाळाला होनाजीचे आडनाव समजतात! फड हा समूह आहे आणि काव्य त्या समूहाच्या गळ्यातून जन्मते, याची जाण आपल्या परंपरेला होती, एवढे यावरून म्हणता येते. (याच जोडीवर शांताराम यांनी काढलेल्या ‘अमर भूपाळी’ला १९५२ च्या कान महोत्सवात पारितोषिक मिळाले ते ध्वनिमुद्रणासाठी, हा योगायोग मनोरम आहे.) आधुनिक मराठी संगीतलेखनाने मात्र गवयालाच मध्यबिंदू मानले. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने (१९६१) घराण्यांची सौंदर्यमीमांसा केली ती गळ्याच्या अंगाने, अशोक दा. रानडे यांच्यासारखे चित्रपटगीताकडे आणि लोकवाद्यांकडे तितक्याच गंभीरपणे पाहणारे अभ्यासक विरळा.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाचा कणा होता गोव्याच्या वादकांचा. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या पॅरिश शाळांमधून मुले व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकत. ही साक्षरता घेऊन ते मुंबईला आले. आधी हॉटेलांतील जॅझच्या ताफ्यांत, मग स्टुडिओत. संगीतकाराने पेटीवर गुणगुणलेल्या चालीला डझनावारी वाद्यांच्या भाषेत उतरवणारे सेबास्टियन डिसूझा किंवा अँथनी गोन्साल्विस पडद्यावर ‘सहायक’ म्हणून आले तर आले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलाल यांनी आपल्या या व्हायोलिनच्या गुरूचे नाव गाण्यात आणले, ते खेड्यापाड्यांत पोचले, पण असा कोणी खरोखरीचा माणूस आहे हे फार थोड्यांना कळले. ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) हे पुस्तक अशा अनेक वादकांच्या मुलाखतींवर उभे आहे. पडद्यामागची ही माणसे पहिल्यांदा ग्रंथात आली ती एका परदेशी अभ्यासकामुळे, याची नोंद घ्यावी लागते.

या स्टुडिओंत आधी डबल बेस होता. शंकर-जयकिशन यांच्या ‘रागा जॅझ स्टाइल’ (१९६८) या तबकडीवर रईस खाँ यांच्या सतारीच्या जोडीला जो ताफा आहे, त्यात बेसवर एडी ट्रॅव्हास आहेत. तोडी, भैरव, मालकंस यांसारख्या रागांखाली चालता बेस घातला की रागाचे काय होते, याचा हा गंभीर आणि काहीसा खोडकर प्रयोग. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडावे असे त्यात बरेच आहे; आम्हाला तो आवडतो. सत्तरीच्या दशकात राहुलदेव बर्मन यांनी बेस गिटारला गाण्याच्या दर्शनी भागात आणले. त्यांच्या ताफ्यात बेस गिटारवर टोनी वाझ असत. याच ताफ्यात तालवाद्यांवर मारुतीराव कीर आणि अमृतराव काटकर ही आपली मराठी माणसे होती. नामावळी पाहिली तर गोवेकर, पारशी, बंगाली, मराठी, शीख, नेपाळी असे सगळे एका खोलीत दिसतात. राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहून घेणाऱ्यांनी कधीतरी या खोलीचे उदाहरण द्यावे.

या खोलीत ये-जा करणाऱ्यांपैकी चरणजितसिंग (१९४०–२०१५) यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. गिटार, बेस आणि विजेवर चालणारी पट्टीची वाद्ये असा त्यांचा पसारा. ‘दम मारो दम’मध्ये (१९७१) ट्रान्झिकॉर्ड हे अ‍ॅकॉर्डियनच्या जातीचे विद्युतवाद्य वाजवणारे ते हेच. लग्नसमारंभांत त्यांचा स्वतःचा ताफाही वाजे. १९८२ मध्ये त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची तबकडी काढली. भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, आणि वाजवणारे एकटे चरणजितसिंग. साथीला होती रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे; त्यांपैकी एकाचे नाव टीबी-३०३. यातील ‘टीबी’ म्हणजे ‘ट्रान्झिस्टर बेस’. एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला बेसवादक परवडत नाही, म्हणून त्याच्या जागी हे यंत्र, अशी कंपनीची कल्पना. ते बेस गिटारसारखे मुळीच वाजत नसे. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले.

विचार करण्यासारखी गोष्ट ही की बेस वाजवणाऱ्या एका माणसाने बेसवादकाला बेकार करू पाहणारे यंत्र हाती घेतले आणि त्याच्यात काहीतरी वेगळेच ऐकले. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. अमेरिकी कानाला ती यंत्राची लकब वाटली असेल. रागदारीत वाढलेल्या कानाला ती मींड वाटली. शिवाय ते यंत्र एकाच आधारावर स्वरांची माळ फिरवीत राहते, आणि हा तर तंबोऱ्याचा स्वभाव. तबकडी त्या काळी खपली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्युचर नावाच्या गटाने याच यंत्रावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ रचले आणि त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर पसरला. एका डच संग्राहकाला चरणजितसिंग यांची जुनी तबकडी भारतात सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा युरोपातील श्रोते चकित झाले. हा नाद शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत? सत्तरीतल्या चरणजितसिंग यांना परदेशातून कार्यक्रमांची बोलावणी आली आणि ते गेलेही. ‘अ‍ॅसिड हाउसचा जनक’ ही त्यांना मिळालेली पदवी आम्हाला मान्य नाही. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली असल्याचा पुरावा नाही, आणि पूर्वसूरी शोधून काढण्याची हौस हा साहित्येतिहासातलाही जुना रोग आहे. त्यांची थोरवी दुसरीकडे आहे. अवजाराने सुचवलेला अर्थ बाजूला सारून त्यांनी त्याला आपल्या परंपरेचा अर्थ दिला.

यंत्रांनी शेवटी आपले काम केलेच. नव्वदीच्या दशकात मुंबईतील मोठे वाद्यवृंद ओसरले. एका पट्टीवर सगळी वाद्ये वाजू लागली. आमच्याकडे तर कंपनी कोणतीही असो, त्या पट्टीला सरसकट ‘कॅसिओ’च म्हणतात. धुमालाच्या गाडीवर आजही तोच बहुतेकदा बेस सांभाळतो. गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी १९८४ च्या ‘गोअन क्रेझी’ या कॅसेटमध्ये घरीच, चार पट्ट्यांच्या यंत्रावर, स्वतःच सगळी वाद्ये वाजवून हा मार्ग आनंदाने पत्करला होता. पण स्वेच्छेने एकटे होणे वेगळे आणि बाजाराने एकटे पाडणे वेगळे. दक्षिणेत चित्र थोडे निराळे राहिले. इळैयराजा संपूर्ण वाद्यवृंद स्वरलिपीत स्वतः लिहून काढतात, बेसची ओळसुद्धा. त्यांचे बेसवादक शशिधरन यांनी वाजवलेल्या त्या ओळींना आज स्वतंत्र रसिक आहेत. ए. आर. रहमान यांनी कॅसेटच्या वेष्टनावर वादकांची नावे छापायला सुरुवात केली, आणि बेस गिटारवर चेन्नईचे कीथ पीटर्स हे नाव अनेकांच्या वाचनात आले. आपल्याकडच्या बहुसंख्य श्रोत्यांनी बेसवादकाचे नाव छापलेले पाहिले ते याच सुमारास.

ज्याला गाणाराही म्हणून ओळखले जाते असा बेसवादक आपल्याकडे ‘इंडियन ओशन’चे राहुल राम. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस नव्वदीच्या आरंभी नर्मदा बचाओ आंदोलनात काम करीत होता. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्राची ३३ गावे आली, अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीपासून अक्राणीपर्यंत. त्या खोऱ्यात ऐकलेल्या लोकगीतातून ‘मा रेवा’ घडले आणि २००० सालच्या ‘कंदिसा’मध्ये आले. राहुल राम यांचा बेस जेमर्सनसारखा अवखळ नाही. तो पायवाटेने एका गतीने चालणाऱ्या माणसासारखा आहे, आणि त्याच माणसाचा खडा आवाज वरून नदीला हाक मारतो. तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या जलाशयांशेजारी राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे गाणे ऐकवले की वर्गात चर्चा संगीतावर फार वेळ टिकत नाही; ती पाणी, पुनर्वसन आणि मोबदला यांवर जाते. जावीही.

मुंबईच्या मोहिनी दे यांचा जन्म १९९६ चा. वडील सुजॉय दे स्वतः बेसवादक. त्यांनी मुलीला अगदी लहानपणी, वाद्य पेलण्याचे वय नसताना, शिकवायला सुरुवात केली. पुढे रणजित बारोट, झाकीर हुसेन, रहमान, स्टीव्ह वाय यांच्याबरोबर तिने वाजवले. तिची बोटे तालाचे बोल बोलतात. मृदंगाच्या आणि तबल्याच्या पाठांतराचा संस्कार त्यांत स्पष्ट ऐकू येतो. काही ठिकाणी वेगाचे प्रदर्शन अंमळ जास्त होते असे आमचे मत आहे, पण ते वय आणि यूट्यूब या दोहोंचे देणे असावे. २०२३ मध्ये तिची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आली. तिचे शीर्षक ‘मोहिनी दे’ एवढेच आहे.

ज्यांना ऐकायला सुरुवात करायची आहे त्यांनी काळाच्या क्रमाने जाण्याची गरज नाही. आधी ‘मा रेवा’ ऐकावे, मग जेमर्सन यांचे मोटाउनचे कोणतेही गाणे, आणि त्यानंतर चरणजितसिंग यांचा ललित किंवा यमन. पहिल्या खेपेस शब्दांकडे आणि गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे. आम्हा साहित्याच्या लोकांना हे सर्वांत कठीण जाते. कानात बसणारे बरेसे इअरफोन हवेत. मोबाईलच्या उघड्या स्पीकरवर ऐकले तर पुन्हा अध्याहारच करीत बसावा लागेल.